कॅमेरा दारात, बॅटरी बाजारात
(महागडे यंत्र घ्यायचे, पण सुटे सामान मिळेल का? घेण्याआधी आणि घेतल्यावर काय पाहावे?)



फवारणीचा पंप घेताना आपण काय विचारतो? किती लिटरचा, कितीला देणार, सूट किती? वॉशर कुठे मिळेल, नोझल कोण देईल, हे फार थोडे लोक विचारतात. मग ऐन फवारणीच्या दिवशी दहा रुपयांचा वॉशर फाटतो आणि तीन हजारांचा पंप बांधावर आडवा होतो. हा अनुभव तुम्हाला नवा नाही. मलाही नव्हता. गावोगाव शेतीशाळा घेताना हीच गोष्ट मी लोकांना सांगत होतो. आणि शेवटी त्याच खड्ड्यात मी स्वतः पडलो, तेही पंप घेऊन नव्हे, कॅमेरा घेऊन.

२०२५ च्या जून महिन्यात मी स्वतःच्या पैशाने एक डिजिटल कॅमेरा घेतला. खिशात मावणारा, पण भारीतला. किमतीत एक चांगली दुभती गाय आली असती. घरी थोडी कुरबुर झाली, ती मी ऐकून घेतली. कारण माझे काम असे, की पानामागे दडलेली कीड लोकांना दाखवल्याशिवाय पटत नाही. फोनने बांधावरचा फोटो झकास येतो. पण फुलकिडा असतो जेमतेम एक मिलिमीटरचा, आणि मिरचीवरचा कोळी तर त्याच्याही पाचव्या हिश्शाएवढा. तिथे बहुतेक फोन हात टेकतात. या कॅमेऱ्याची भिंग पानाच्या अगदी जवळ नेली तरी चित्र स्वच्छ येते, पावसाचे चार थेंब पडले तरी बिघडत नाही. यंत्र चांगलेच आहे. त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

तक्रार आहे ती मी न विचारलेल्या प्रश्नाची. डब्यात कॅमेरा होता, मनगटात अडकवायची दोरी होती, वायर होती आणि बॅटरी होती एकच. बाहेर काढून बॅटरी भरण्याचा वेगळा चार्जर नव्हता. दुसऱ्या बॅटरीसाठी तालुक्याच्या फोटो स्टुडिओत गेलो. दुकानदार हसून म्हणाला, "साहेब, लग्नाच्या मोठ्या कॅमेऱ्याची बॅटरी मागा, आत्ता देतो. ही आपल्याकडं येतच नाही." संभाजीनगरच्या मोठ्या दुकानात विचारले, तर ऑर्डर लिहून घेतली आणि पाच-सहा आठवडे थांबा म्हणाले.

आबांच्या मिरचीची गोष्ट

ऑगस्टमधला प्रसंग आहे. आमच्या भागात मिरचीचे क्षेत्र मोठे. एका आबांचा सकाळीच फोन आला, "साहेब, मिरचीला बोकड्या आलाय, शेंडा गोळा झालाय, येऊन बघा." मी गेलो. आदल्या दिवशी शेतीशाळेत हौसेने फोटो काढत बसलो होतो आणि रात्री वीज नसल्याने बॅटरी भरायची राहिली होती.

मिरचीचे पान वळण्याची कारणे वेगवेगळी असतात. फुलकिडे असतील तर पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात, पान होडीसारखे दिसते. कोळी असेल तर कडा खाली वळतात, पान अरुंद होते, देठ लांबल्यासारखा वाटतो. विषाणू असेल तर झाडाची ठेवणच बदलते. पुस्तकात हे सोपे आहे. शेतात मात्र एकाच झाडावर दोन्ही तऱ्हा दिसतात, आणि आबांच्या रानात तसेच होते. हा फरक महत्त्वाचा अशासाठी, की कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्या-विंचवाच्या कुळातला. फुलकिड्याचे बरेचसे औषध त्याला लागू पडत नाही, त्याला कोळीनाशकच लागते. चुकीचे औषध मारले तर पैसे जातात आणि कोळ्याला खाणारे मित्रकीटकही मरतात.

शेंड्याचे पान उलटे केले, कॅमेरा जवळ नेला. तीन फोटो झाले आणि पडदा काळा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फोनने काढून पाहिले, तर कोळी म्हणा, धूळ म्हणा, सगळे एकच दिसत होते. मी आबांना म्हणालो, "उद्या येतो, फोटो काढतो, परभणीच्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना दाखवतो, मगच औषध सांगतो." दुसऱ्या दिवशी पावसाने पूल बंद. तिसऱ्या दिवशी मी पोचलो, तोवर आबांनी दुकानातून मिळेल ते आणून फवारले होते. त्यांचे तरी काय चुकले? डोळ्यांदेखत शेंडे गोळा होताना कोण थांबेल?

त्या दिवशी कॅमेऱ्याने फोटो स्वच्छ आले. कोळीच होता. म्हणजे आबांची फवारणी, मजूर आणि तीन दिवस, सगळे वाया गेले होते. आबा एका शब्दाने बोलले नाहीत. चहा पाजला. तो चहा मला गोड लागला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. आबांचा नातू बारावीला आहे. त्याच्याकडे शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग होते. त्याने ते फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरले, हात खुंटीला टेकवून स्थिर केला आणि पानाचा फोटो काढला. माझ्या कॅमेऱ्याइतका नाही, पण फुलकिडा नसून कोळी आहे, एवढे ओळखता येईल इतका साफ! मला म्हणाला, "सर, परवाच सांगितलं असतं तर परवाच काढला असता." मी काय बोलणार?

सामान मिळत नाही, ते का?

यात एकट्या दुकानदाराचा दोष नाही. मागणीच आटली आहे. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले. २०२३ साली हाच आकडा सुमारे ७७ लाखांवर आला. म्हणजे सोळात एक उरला! बाकीची जागा फोनने घेतली. तालुक्यातला स्टुडिओवाला आता लग्नसराईच्या मोठ्या कॅमेऱ्यांवर जगतो, म्हणून त्या बॅटऱ्या त्याच्याकडे असतात. खिशातल्या भारी कॅमेऱ्याचे गिऱ्हाईक वर्षात एखादे. त्याने बॅटरी आणून कपाटात किती दिवस ठेवायची? पडून पडून तीही खराब होते.

त्यात प्रत्येक कंपनीच्या, कधी कधी प्रत्येक मॉडेलच्या बॅटरीचा आकार वेगळा. ट्रॅक्टरचे बेअरिंग जसे नंबर पाहून दुसऱ्या कंपनीचे बसते, तसे इथे सहसा जमत नाही.

दुसरी गोष्ट, बॅटरी छोटी असते. हिशेब करून पाहा. साधारण १३५० एमएएच आणि ३.६ व्होल्टची बॅटरी म्हणजे जवळजवळ ५ वॉट-तास. आपल्या खिशातल्या ५००० एमएएचच्या फोनमध्ये सुमारे १९ वॉट-तास वीज असते, चौपट! म्हणून कॅमेऱ्याच्या पुस्तकात २०० फोटो लिहिले असले तरी पडदा सतत चालू ठेवून, पानावर पुन्हा पुन्हा नेम धरून काम करताना त्याच्या आतच दम संपतो.

स्वस्तातली बॅटरी : माझी दुसरी चूक

ऑर्डरची वाट पाहण्याचा कंटाळा आला, म्हणून फोनवरून एक बॅटरी मागवली. किंमत निम्म्याहून कमी. वेष्टनावर कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलेले होते. तेव्हाच परत करायची, पण म्हटले चालेल. पहिल्या आठवड्यात पूर्ण भरलेली दाखवून वीस-पंचवीस फोटोंत संपू लागली. महिन्याभरात पोट फुगले आणि कॅमेऱ्याच्या खोबणीत अडकली. चिमट्याने ओढायचा मोह झाला होता. नशीब, तसे केले नाही. लिथियम बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेते. कॅमेरा तसाच सेवा केंद्रात नेला, त्यांनी ती काढून दिली.

हे लक्षात ठेवा. पट्टी, पिशवी, झाकण यांत जुगाड चालतो. वीज जिथे खेळते तिथे जुगाड नको. दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेणे गुन्हा नाही, चांगल्याही असतात. पण भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. मानक आहे आयएस १६०४६. ते नसेल तर घेऊ नका. आणि दुकानाचे पक्के बिल घ्या, नाहीतर भांडायचे कुणाशी?

फुगलेली बॅटरी चुलीत, उकिरड्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती सेवा केंद्रात किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्या.

एकाच बॅटरीवर दिवस कसा काढायचा

अस्सल बॅटरी हातात यायला मला अडीच महिने लागले. त्या काळात जे शिकलो, ते तुमच्या उपयोगी पडेल.

१) नव्या कॅमेऱ्यांना आता बहुतेक टाइप-सी पद्धतीची वायर लागते, म्हणजे फोनचीच. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन आणि कॅमेऱ्यांना हीच पद्धत सक्तीची झाली, त्याचा फायदा आपल्यालाही होतो. त्यामुळे पॉवर बँक हीच आपली दुसरी बॅटरी. १०,००० एमएएचची चांगली पॉवर बँक असा छोटा कॅमेरा चार-पाच वेळा भरते. काही कॅमेरे बंद असतानाच भरतात, काही चालू असतानाही वायरीवर चालतात. आपला कोणता, ते पुस्तिकेत आधी पाहून ठेवा.

२) एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना कॅमेरा पिशवीत वायरीला जोडून ठेवायचा. मोटारसायकलवरचा अर्धा तासही कामी येतो.

३) पडद्याचा उजेड कमी करा, आपोआप बंद होण्याची वेळ एक मिनिटावर आणा, वायफाय बंद ठेवा. काढलेले फोटो शेतातच उघडून पाहत बसू नका, घरी पाहा. माझी निम्मी बॅटरी यातच जात होती.

४) बॅटरीला ऊन सोसत नाही. मोटारसायकलच्या डिकीत, एप्रिल-मेच्या उन्हात कॅमेरा ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य जाळणे. उन्हातून आणल्या आणल्या भरायला लावू नका, आधी सावलीत थंड होऊ द्या.

५) महिनाभर वापर नसेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. अर्धी भरलेली ठेवा.

६) मेमरी कार्डाचेही बॅटरीसारखेच. नकली कार्डावर १२८ लिहिलेले असते, आत जागा आठाची. पुढचे फोटो मागच्यावर चढतात आणि सगळेच जातात. नवे कार्ड आणल्यावर ते पूर्ण भरून पाहा, सगळे फोटो उघडतात का तपासा, मगच कामाला घ्या. कार्ड पुसायचे ते कॅमेऱ्यातच. आणि कामाचे फोटो त्याच रात्री दुसरीकडे उतरवून घ्या.

जुगाड चालतो तिथे खुशाल करा

भिंगावर लावायच्या काचेसाठी या कॅमेऱ्याला वेगळी कडी लागते. ती मला अजून मिळालेली नाही. तोवर भिंग जपायचे काम तीन गोष्टींनी भागवले : औषधाच्या दुकानातला रबरी फुगा हवा मारायला (तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते), चष्म्याचे मऊ फडके, आणि काम नसेल तेव्हा कॅमेरा बंद. सोयाबीनची मळणी चालू असेल तर वाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला उभे राहा. ती धूळ भिंगाच्या नळीत शिरली तर दुरुस्ती महागात पडते.

पडद्यावर लावायची फिल्म मोबाइलच्या दुकानातल्या पोराने मोठ्या फिल्ममधून मापाने कापून दिली. दोरी तुटली तेव्हा तालुक्याच्या मोच्याने चामड्याची वादी शिवून दिली, मूळ दोरीपेक्षा भक्कम. पिशवी सौभाग्यवतींनी जुन्या रजईच्या तुकड्यातून शिवली. ज्यांनी खरेदीला विरोध केला, त्यांचीच शिलाई कामी आली, हे इथे कबूल केले पाहिजे!

पावसाळ्यात खरा शत्रू पाणी नव्हे, दमट हवा. भिंगाला आतून बुरशी धरते आणि ती पुसून जात नाही. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारे दाणे घेतले तर ओल शोषल्यावर ते बदललेले कळतात, आणि मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. कॅमेरा तांदळात पुरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ओल फारशी जात नाही आणि तांदळाची पूड मात्र आत जाते.

ग्रामपंचायत आणि शेतकरी गटांसाठी

आता सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि गटांच्या अध्यक्षांना दोन शब्द. माझे पैसे माझे होते, चूकही माझी. पण गावाच्या पैशातून वस्तू घेताना हीच चूक झाली तर? कपाटात धूळ खात पडलेला कॅमेरा, एका दिव्यावाचून बंद पडलेला प्रोजेक्टर, फिल्टर बदलायचा राहिला म्हणून कोरडे पडलेले पाण्याचे यंत्र, अशा वस्तू आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी गत होते. म्हणून दरपत्रक मागवतानाच पुढील गोष्टी लिहून मागा :

• मुख्य वस्तूसोबत दोन जादा बॅटऱ्या, वेगळा चार्जर आणि दोन कार्डे. किंमत यांच्यासकट धरा.
• सर्वांत जवळचे सेवा केंद्र कोणत्या गावी आहे, पत्ता काय.
• सुटे सामान आज शिल्लक आहे का, की मागवावे लागेल. "येईल" हे उत्तर धरू नका.
• बिलावर वस्तूचा अनुक्रमांक आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख.
• जडसंग्रह नोंदवहीत वस्तू चढवताना बॅटरी, चार्जर, वायर हेही वेगवेगळे चढवा. पदभार देताना नेमके तेच गायब असते.

शक्य असेल तर तालुक्याचे लग्नाचे फोटोग्राफर जी बॅटरी वापरतात, तीच लागणारा कॅमेरा घ्या. थोडा मोठा आणि जड असेल, पण अडीनडीला बॅटरी शेजारच्या गावातही मिळेल. मी हे आधी केले असते तर आबांची फवारणी वाचली असती.

आणि आधी एवढेही विचारा, की कॅमेरा हवाच आहे का? ई-पीक पाहणीची नोंद फोनमधल्या ॲपवरूनच होते. कारण त्या फोटोबरोबर ठिकाणही नोंदले जाते, भारीतल्या कॅमेऱ्याचा फोटो तिथे चालत नाही. सभेचे, कामाचे, बांधबंदिस्तीचे फोटो फोनने उत्तम येतात. बारीक कीड आणि रोग यांच्या नोंदी सतत ठेवायच्या असतील, तरच वेगळा कॅमेरा घ्यावा. एरवी नातवाचे भिंग पुरे.

वस्तू सदोष निघाली किंवा हमीत असून दाद मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. शिवाय केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकाला एका जागी मिळावी, हा त्याचा हेतू. त्यात शेती अवजारे हाही एक विभाग आहे. तेव्हा ही गोष्ट नुसती कॅमेऱ्याची समजू नका.

शेवटी

माझी दुसरी बॅटरी आली. आता एक कॅमेऱ्यात, एक खिशात. रात्री जेवणाआधी दोन्ही भरायला लावतो, बैलांना वैरण टाकल्यासारखे. आबांच्या मिरचीवर पुढे योग्य कोळीनाशक, लेबलवर मिरची आणि कोळी दोन्हींची नावे पाहून, पानाच्या खालून बसेल असे फवारले. नवा शेंडा सरळ निघाला. पण पहिला बहार हातचा गेला, तो काही परत आला नाही.

कॅमेऱ्याच्या पिशवीला मी आता दहापटीचे एक भिंगही दोरीने बांधले आहे. शेतात गेल्यावर आधी भिंग, मग कॅमेरा. भिंगाला बॅटरी लागत नाही.

पुढच्या वेळी दुकानात गेलात, कॅमेऱ्याला असो, पंपाला असो की ट्रॅक्टरला, किंमत विचारण्याआधी एवढे विचारा : "याचं सुटं सामान दाखवा बरं." दुकानदाराने काढून समोर ठेवले, तरच खिशात हात घाला.